उड्डाणापूर्वी रेडिओची रेंज तपासताना : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर

नव्या विद्युत मॉडेल विमानाचे जोडकाम आज संपले. पंखांचा विस्तार १.८ मीटर आहे, सांगाडा बाल्सा या हलक्या लाकडाचा आहे, पंखांना जोडणारी नळी कार्बन फायबरची आहे आणि नाकातील बॅटरीची पाटीही कार्बन फायबरचीच आहे. रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झचा असून त्याला दोन अँटेना आहेत. चार सर्वो (पंख आणि शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), एक मोटर, एक ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे यंत्र), आणि रिसीव्हरसकट सर्व सर्वोंना ५ व्होल्ट पुरवणारे बीईसी त्याच ईएससीच्या पोटात, असा एकूण संसार आहे. पहिल्या उड्डाणाआधी रेडिओची रेंज तपासायची आहे, आणि ३० मीटरवर सर्वो हलले की झाले, इतक्यावर न थांबता पुढे प्रत्येक वेळी ताडून पाहता येईल असा आकडा हाती लागेपर्यंत तपासायची आहे. त्यासाठीच ही वही उघडली.

ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे चालकाच्या हातातील संचात, ‘रेंज चेक’ची सोय असते. ती चालू केली की प्रक्षेपणाची शक्ती मुद्दाम घटवली जाते, त्यामुळे किलोमीटरभर चालत न जाता मैदानाच्या एका कडेवर उभे राहूनही दुबळ्या सिग्नलची परिस्थिती निर्माण करता येते. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांश उरते, म्हणजे ६ डेसिबलने घटते; या हिशेबाने रेंज ३० पटीने आखडायची असेल तर शक्ती ९०० पटीने, म्हणजे जवळपास ३० डेसिबलने कमी करावी लागते. माझ्या संचाच्या माहितीपुस्तिकेनुसार या घटवलेल्या शक्तीवर किमान ३० मीटरपर्यंत पूर्ण नियंत्रण मिळाले पाहिजे. हा खालचा उंबरठा झाला. ज्या विमानाला गेल्या महिन्यात ६० मीटर मिळत होते त्याला आज ३५ मिळाले, तर पुस्तिकेप्रमाणे ते उत्तीर्ण आहे; पण मधल्या काळात त्याच्या पोटात काहीतरी बिघडलेले आहे आणि ते सापडेपर्यंत ते उडवू नये, असे माझे मत आहे. हे कळण्यासाठी गेल्या महिन्याचा आकडा कुठेतरी लिहून ठेवलेला असावा लागतो.

९ ऑक्टोबर

आज मोजणीची मांडणी ठरवली. यात वेळ घालवणे अनेकांना अनावश्यक वाटते, परंतु जमिनीच्या इतक्या जवळ २.४ गिगाहर्ट्झची लहर कशी वागते याचा विचार केला नाही, तर दोन दिवसांच्या दोन आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटीमीटर असते. ट्रान्समीटरकडून रिसीव्हरकडे एक किरण सरळ जातो आणि दुसरा जमिनीवर आपटून जातो. दूर अंतरावर हे दोन किरण जवळजवळ समान लांबीचा प्रवास करतात आणि जमिनीवरून परतताना उलटलेला किरण सरळ किरणाला बऱ्याच अंशी खोडून काढतो. त्यानंतर अंतर दुप्पट झाल्यावर ६ ऐवजी १२ डेसिबलची घट होऊ लागते. हा बदल कोणत्या अंतराच्या आसपास सुरू होतो, हे दोन्ही अँटेनांच्या उंचीवर अवलंबून असते : दोन्ही उंचींच्या गुणाकाराची चौपट करून तिला लहरीच्या लांबीने भागायचे. ट्रान्समीटर छातीशी, म्हणजे १.२ मीटरवर, आणि विमानही तेवढ्याच उंचीच्या घोडीवर ठेवले तर हे अंतर सुमारे ४६ मीटर येते. तेच विमान गवतावर ठेवले आणि रिसीव्हरचा अँटेना जमिनीपासून १० सेंटीमीटरवर राहिला, तर हे अंतर ४ मीटरही भरत नाही. म्हणजे विमान आणि रेडिओ तेच असूनही केवळ मांडणीमुळे निकाल कुठल्या कुठे जाऊ शकतो.

म्हणून असे ठरवले : विमान लाकडी घोडीवर, अँटेना जमिनीपासून १.२ मीटर उंच. घोडीत लोखंडी खिळे नकोत, त्याऐवजी लाकडी खुंट्या. जवळपास मोटारगाडी, तारेचे कुंपण किंवा पत्र्याची शेड नको. जमिनीवर दर ५ मीटरला पांढरी फीत. वाढलेले गवत ओले असेल तर त्या दिवशी मोजणी नको. मी ट्रान्समीटर घेऊन चालायचे, सहकाऱ्याने विमानापाशी थांबायचे.

१२ ऑक्टोबर

मोटर बंद ठेवून पहिली मोजणी केली.

आधी एक मुद्दा स्पष्ट करून ठेवतो. ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या जुन्या संचांवर ट्रान्समीटरचा लांब अँटेना मिटवून चालत गेले, की रेंज संपत आल्याची खूण आपोआप मिळत असे : सर्वो थरथरू लागत, मग झटके देत आणि मग बेताल होत. आजच्या डिजिटल संचात ही थरथर नसते. माहितीचा पुडका एकतर नीट पोहोचतो किंवा रिसीव्हर तो टाकून देतो. काही पुडके गळाले तर सर्वो शेवटच्या जागी थांबून राहतात आणि लगेच पुढचा पुडका मिळाला तर बघणाऱ्याला काही घडल्याचे कळतही नाही. म्हणून विमान स्थिर ठेवून आणि अधूनमधून ट्रान्समीटरची काठी हलवून ही तपासणी होत नाही. मी चालताना उजवी काठी सावकाश, एका लयीत, गोल फिरवत राहिलो. सहकाऱ्याची नजर एलेरॉन आणि एलेव्हेटर या पंख व शेपटीवरील हलत्या पृष्ठभागांवर होती. त्यांची हालचाल क्षणभर जरी अडखळली तरी हात वर करायचा आणि मी त्याच जागी थांबायचे, असे ठरले होते. हात वर झाला त्या जागेपासून दोन पावले मागे येऊन, पुन्हा पुढे जाऊन, अडखळणे तिथेच होते का ते पाहिले. जिथे ते सलग दोनदा झाले ती जागा मर्यादा म्हणून धरली. टेलिमेट्रीवरील, म्हणजे विमानाकडून ट्रान्समीटरला परत येणाऱ्या माहितीतील, सिग्नलचा आकडाही शेजारी लिहिला, पण निर्णय पृष्ठभागांच्या हालचालीवर सोपवला.

विमानाची चारही तोंडे फिरवून मोजले : नाक माझ्याकडे असताना ६२ मीटर, शेपूट माझ्याकडे असताना ५८, डावा पंख माझ्याकडे असताना ६० आणि उजवा पंख माझ्याकडे असताना ४७.

चारही आकडे ३० च्या वर आहेत, म्हणून कुणी इथेच वही मिटली असती. माझे लक्ष ४७ कडे गेले. ४७ आणि ६२ यांच्यातील फरक डेसिबलमध्ये मांडला तर मोकळ्या हवेच्या नियमाने सुमारे अडीच आणि जमिनीलगतच्या तीव्र उताराच्या नियमाने सुमारे पाच येतो. विमानाच्या उजव्या अंगाला काहीतरी सिग्नलच्या वाटेत येत आहे. बॅटरीची पाटी आणि बॅटरी उजवीकडे थोडी सरकलेली आहे, त्यामुळे संशय तिकडेच जातो. कार्बन फायबर विद्युतवाहक असल्याने त्याच्या आडोशाला असलेल्या अँटेनाला लहर जवळजवळ दिसत नाही.

माझ्या शरीराचाही हिशेब ठेवला. पाठ विमानाकडे करून ट्रान्समीटर छातीशी धरला तर सिग्नलचा आकडा ठळकपणे खाली येतो, कारण शरीरातील पाणी ही वारंवारता चांगलीच शोषून घेते. म्हणून प्रत्येक मोजणीत तोंड विमानाकडे, ट्रान्समीटर कमरेच्या वर, आणि त्याचा अँटेना विमानाकडे रोखलेला नसून आडवा, हे तिन्ही नियम सारखे पाळले. अँटेनाच्या टोकाच्या दिशेने प्रक्षेपण सर्वांत कमी असते, हे ठाऊक असूनही पुष्कळ जण उडवताना टोक विमानावरच रोखून धरतात.

१३ ऑक्टोबर

वारा जास्त होता, घोडी हलत होती. मोजणी केली नाही. बॅटरी आणि ट्रान्समीटर चार्ज करून ठेवले.

१९ ऑक्टोबर

आज मोटर चालू ठेवून तीच मोजणी केली. विमान घोडीला दोन जाड पट्ट्यांनी बांधले, शेपटीकडून एक दोरी खुंटीला अडकवली आणि सहकारी पूर्ण वेळ प्रोपेलरच्या मागे उभे राहिले. प्रोपेलरच्या फिरण्याच्या पातळीत, म्हणजे बाजूला, कुणीही थांबायचे नाही, हे सुरुवातीलाच ठरवले होते. थ्रॉटल, म्हणजे मोटरला दिलेली शक्ती, निम्मा.

नाक समोर ५९, शेपूट समोर ५६, डावी बाजू ५५, उजवी बाजू ३१.

तीन बाजूंना मोटरमुळे काही मीटर गेले, जे चालण्यासारखे आहे. उजवीकडे मात्र ४७ वरून ३१ वर घसरण झाली, म्हणजे रेंजचा एक तृतीयांश भाग गेला. मोटर फिरू लागल्यावर एकाच वेळी तीन गोष्टी बदलतात : विमान थरथरू लागते, ईएससीमध्ये वेगाने उघडझाप होणाऱ्या प्रवाहाचा विद्युत गोंगाट सुरू होतो आणि बीईसीवर ताण येऊन रिसीव्हरला मिळणारा विद्युतदाब (व्होल्टेज) घटू शकतो. तिन्हींचे बाह्य लक्षण एकच, ते म्हणजे पृष्ठभागांचे अडखळणे. त्यामुळे लक्षण पाहून दुरुस्तीला हात घालण्यात अर्थ नव्हता. एकेक कारण वेगळे काढावे लागले.

दाब आधी पाहिला, कारण तो टेलिमेट्रीत दिसतो. मोटर निम्म्या थ्रॉटलवर आणि चारही सर्वो एकाच वेळी टोकापासून टोकापर्यंत फिरवले, तेव्हा ५ व्होल्टवरून सर्वांत खाली ४.७ व्होल्टपर्यंत आकडा गेला. हा रिसीव्हर ३.५ व्होल्टच्या खाली गेल्यावर बंद पडतो. शिवाय दाबाचा दोष असता तर तो चारही दिशांना सारखा दिसला असता, उजव्या पंखाची बाजूच त्याने निवडली नसती. तरीही खात्रीसाठी बीईसीची तांबडी तार सुटी करून रिसीव्हरला ४.८ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी लावली. उजवीकडचा आकडा ३२ आला. बीईसी निर्दोष ठरले.

मग थरथर. प्रोपेलर काढून मोटर तेवढ्याच थ्रॉटलवर फिरवली. भार नसल्याने थरथर नाहीशी झाली आणि प्रवाहही पुष्कळ कमी झाला, त्यामुळे ही चाचणी दोन कारणे एकत्र कमी करते आणि तिच्यावरून एकट्या थरथरीबद्दल बोलता येत नाही. उजवीकडे ४४ मीटर मिळाले. म्हणून प्रोपेलर परत लावला, आणि रिसीव्हर त्याच्या जागेवरून सोडवून, अँटेनांसकट एका फोमच्या ठोकळ्यावर पंखाच्या वर हवेत धरून ठेवला. सर्वोंच्या तारा त्याच, बॅटरी तीच, थरथर तीच. बदलली फक्त अँटेनांची जागा. या मांडणीत उजवीकडे ५७ मीटर आले.

धडाच्या आत नीट पाहिले तेव्हा कारण समोरच होते. उजव्या अँटेनाचे शेवटचे टोक बॅटरीकडून ईएससीकडे जाणाऱ्या जाड तांबड्या तारेला समांतर, तिला जवळजवळ चिकटून, कार्बनच्या पाटीवर आडवे पडले होते. एका बाजूने पाटीचा आडोसा आणि दुसऱ्या बाजूने तारेचा गोंगाट. मोटर बंद असताना फक्त आडोसा जाणवत होता, म्हणून ४७. मोटर चालू झाल्यावर गोंगाटही आला, म्हणून ३१. आडोसा आणि गोंगाट यांचे माप असे वेगवेगळे हाती लागले, ते मोटर बंद आणि मोटर चालू अशा दोन्ही मोजण्या सर्व दिशांना केल्यामुळेच.

२० ऑक्टोबर

अँटेनांची नवी जागा तयार केली.

रिसीव्हरमधून बाहेर येणारी काळी केबल म्हणजे संपूर्ण अँटेना नव्हे. तिचा बहुतांश भाग आवरणबंद केबलचा असतो आणि तो फक्त सिग्नल वाहून नेतो. खरा अँटेना म्हणजे टोकाचा, वरचे जाळीचे आवरण काढलेला, सुमारे ३१ मिलिमीटरचा तुकडा. १२.५ सेंटीमीटर लहरीचा हा चौथा हिस्सा आहे आणि म्हणूनच तो कापणे, दुमडणे किंवा लांबवणे या तिन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. उलट केबलचा आवरणबंद भाग कसाही, तीव्र मुरड न घालता, फिरवता येतो. यावरून जागा निवडण्याचे काम सोपे होते : फक्त ३१ मिलिमीटरचे दोन तुकडे कुठे ठेवायचे एवढाच प्रश्न उरतो.

पातळ प्लास्टिकच्या दोन नळ्या पंखामागे, धडाच्या बाल्साच्या भागात बसवल्या. एक नळी धडाच्या बाजूने उभी वर जाते आणि टोक कव्हरिंगच्या बाहेर काढते. दुसरी आडवी, डाव्या बाजूला जाते. दोघींमध्ये काटकोन आहे. अँटेनाच्या टोकाच्या दिशेने ग्रहण जवळपास शून्य असते आणि लहरीचे ध्रुवीकरण (लहर ज्या दिशेने हेलकावते ती दिशा) अँटेनाच्या आडवे पडले तर २० डेसिबलपर्यंतही नुकसान होऊ शकते, त्यामुळे विमान आकाशात कसेही कलले तरी दोनपैकी एक अँटेना बऱ्या स्थितीत राहावा, एवढ्यासाठी हा काटकोन. दोन अँटेना समांतर लावले तर दुसऱ्याचा मुख्य फायदाच जातो. नळ्यांचे अंतर ईएससीपासून २० सेंटीमीटरच्या वर आणि कार्बनच्या नळीपासून जितके जमले तितके, म्हणजे ७ सेंटीमीटर आहे.

बॅटरी आणि ईएससीमधल्या तांबड्या व काळ्या तारा एकमेकींना पीळ देऊन ठेवल्या. दोघींतून उलट दिशेने जाणाऱ्या प्रवाहांची क्षेत्रे त्यामुळे बऱ्याच अंशी एकमेकांना नाहीशी करतात. शेपटीकडे जाणाऱ्या सर्वोंच्या लांब तारांना रिसीव्हरजवळ फेराइटचे (विद्युत गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे) कडे घालावे असा विचार होता, पण आता त्याची गरज आहे का हे मोजून मगच ठरवेन.

२६ ऑक्टोबर

हवा स्थिर, गवत कोरडे, मांडणी तीच. मोटर बंद : ६४, ६१, ६२, ५९. मोटर निम्म्या थ्रॉटलवर : ६१, ५९, ६०, ५७. मोटर पूर्ण थ्रॉटलवर फक्त उजवीकडे मोजले, ५६. क्रम आधीचाच, म्हणजे नाक, शेपूट, डावी, उजवी.

कोणत्याही दिशेला मोटरमुळे सुमारे ५ टक्क्यांहून जास्त रेंज जात नाही. फेराइटची कडी लावली नाहीत. यापुढे उजवी बाजू, मोटर निम्म्या थ्रॉटलवर, ५७ मीटर हा या विमानाचा पायाभूत आकडा. उड्डाणाच्या दिवशी चारही दिशा मोजण्याची गरज नाही. ही एकच मोजणी करायची आणि ती ५० च्या खाली आली तर विमान पुन्हा कार्यशाळेत.

२७ ऑक्टोबर

फेलसेफची चाचणी केली. रेंज कितीही चांगली असली तरी सिग्नल तुटल्यावर विमान काय करील हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर रिसीव्हरमध्ये आधीच भरून ठेवावे लागते. काही रिसीव्हर मूळ सेटिंगमध्ये शेवटची स्थिती धरून ठेवतात. थ्रॉटल पाऊण असताना सिग्नल तुटला तर अशा रिसीव्हरवर मोटर पाऊण शक्तीनेच फिरत राहते, आणि विमान ज्या दिशेला चालले असेल तिकडे निघून जाते. थ्रॉटल शून्य, एलेरॉन मधोमध आणि रडर (शेपटीचा उभा हलता भाग) किंचित डावीकडे अशी स्थिती भरली, म्हणजे विमान दूर न जाता वळत खाली येईल.

प्रोपेलर काढला, मोटर चालू केली आणि ट्रान्समीटर सरळ बंद केला. सुमारे एका सेकंदात मोटर थांबली, रडर ठरल्या जागी गेले. ट्रान्समीटर पुन्हा चालू केल्यावर थ्रॉटलची काठी खाली आणेपर्यंत मोटर सुरू झाली नाही, हेही तपासले. मग रेंज चेकच्या अवस्थेत मर्यादेच्या पलीकडे चालत जाऊनही तेच पाहिले, कारण ट्रान्समीटर बंद करणे म्हणजे सिग्नल एकदम तोडणे झाले. खरी परिस्थिती कडेवरची असते, जिथे सिग्नल येतो, जातो आणि पुन्हा येतो. तिथेही मोटर धक्के देत चालू-बंद झाली नाही, सरळ बंद झाली आणि दोन पावले मागे आल्यावर नियंत्रण परत मिळाले.

२ नोव्हेंबर

आज मोजणी उडवण्याच्या मैदानावर केली, इतर चालकांचे ट्रान्समीटर चालू असताना. ३५ मेगाहर्ट्झच्या काळात दोघांच्या क्रिस्टलचा (वारंवारता ठरवणाऱ्या भागाचा) क्रमांक एकच निघाला तर एक विमान नक्की पडत असे, म्हणून प्रत्येकाने आपल्या क्रमांकाची खूण फळ्यावर लावल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, अशी शिस्त असे. २.४ गिगाहर्ट्झवर आजचे बहुतेक संच २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सतत उड्या मारत फिरतात, आणि रिसीव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरची ओळख मानतो, त्यामुळे ती शिस्त मागे पडली. परंतु त्याच पट्ट्यात वायफायही असते आणि सगळे मिळून पार्श्वभूमीचा गोंगाट वाढवतात. उजव्या बाजूचा आकडा ५७ ऐवजी ५४ आला. ही घट मैदानाची आहे, विमानाची नाही, म्हणून या मैदानासाठी ५४ वेगळा लिहून ठेवला.

९ नोव्हेंबर

पहिले उड्डाण झाले. त्याआधी ठरलेली मोजणी केली, ५५ मीटर. उड्डाणापूर्वी ट्रान्समीटरच्या पडद्यावर पूर्ण शक्ती परत आल्याचे मुद्दाम वाचून खात्री केली. रेंज चेकचे बटण सोडले की बहुतेक संच आपोआप पूर्ण शक्तीवर येतात, पण सगळे नाही, आणि घटवलेल्या शक्तीवर उडालेले विमान पहिल्या वळणावरच हातचे जाऊ शकते.

सिग्नलमानाची टेलिमेट्री नोंद पाहिली. ट्रान्समीटरची पूर्ण शक्ती १०० मिलिवॅट, म्हणजे २० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल). ३०० मीटरवर मोकळ्या हवेत सुमारे ९० डेसिबल गळती होते, म्हणजे −७० डीबीएमच्या आसपास अपेक्षित होते. सरळ उड्डाणात जवळपास तेवढेच दिसले. सर्वांत कमी आकडा −७८, तोही विमान तिरके होऊन वळताना, बॅटरी अँटेना आणि माझ्यामध्ये आल्यावर. या रिसीव्हरची ग्रहणमर्यादा −९५ च्या जवळपास आहे, म्हणजे सर्वांत वाईट क्षणीही १७ डेसिबल शिल्लक होते. धोक्याचा इशारा −८५ वर लावला आहे.

१६ नोव्हेंबर

पंखाखाली छोटा कॅमेरा बसवून पाहिला. त्याचे वायफाय चालू असताना उजवीकडे ३८ मीटर, बंद केल्यावर ५६. कॅमेरा राहील, त्याचे वायफाय उड्डाणात बंद राहील, आणि तशी सूचना कॅमेऱ्याच्या वरच चिटकवली आहे. उभ्या नळीच्या बुडाचा गोंद सैल झाल्याचे याच वेळी दिसले; तो पुन्हा लावून मोजले, ५७.